मलायन नाइट हेरॉन: पावसाळी जंगलात शोधायचा, ओळखायचा आणि नोंदवायचा कसा

बगळा म्हटलं की पाय आपोआप तळ्याकडे, खाडीकडे, भातखाचराकडे वळतात. मलायन नाइट हेरॉन तिथे सहसा भेटत नाही. दाट झाडीखालच्या ओल्या जमिनीवर, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला आणि पोफळीच्या बागेतल्या पाचोळ्यात तो गांडुळं शोधत फिरतो. चाहूल लागली की जागीच थिजतो. त्यामुळे पाच-सहा जणांचा गट त्याच्यापासून वीस पावलांवरून गप्पा मारत निघून जातो आणि ‘इथे काही नाही’ असं ठरवून मोकळा होतो.

या पक्ष्याच्या बाबतीत चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्या. लोक आधी जंगलात शिरतात, मग पक्षी शोधतात आणि घरी आल्यावर ओळख तपासतात. क्रम याच्या उलट हवा: ओळख आणि आवाज घरी, जागेची पारख दुपारच्या उजेडात, संध्याकाळी नुसतं बसणं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर बहुधा पक्षी दिसणार नाही, आणि दिसलाच तर त्याला त्रास देऊन दिसेल.

१. निघण्याआधी ओळख पक्की करा

शास्त्रीय नाव गोर्साकियस मेलॅनोलोफस. लांबी साधारण ४९ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या ढोकरीपेक्षा जेमतेम मोठा, पण अंगाने जाड आणि मानेने आखूड दिसणारा. प्रौढ पक्ष्यात या क्रमाने पाहा:

- डोकं: माथा काळा, मागे झुकलेला काळा तुरा. गाल आणि मानेच्या बाजू तांबूस-विटकरी. काळा माथा आणि तांबूस गाल यांतली सीमा स्वच्छ दिसते.
- चोच: गडद, आखूड, जाड, वरची कड किंचित खाली वळलेली. बगळ्याची म्हणून जी भाल्यासारखी लांब चोच डोळ्यासमोर येते, ती इथे नाही.
- डोळा आणि चोच यांमधली उघडी कातडी: निळसर ते हिरवट. विणीच्या काळात हा निळा रंग अंधाऱ्या झाडीतही उठून दिसतो. डोळा पिवळा.
- पाठ आणि पंख: गडद तपकिरी, त्यावर बारीक नागमोडी रेषा. लांबून सपाट रंग वाटतो, दुर्बिणीतून जाळी दिसते.
- पोट: फिकट तांबूस, त्यावर काळे-पांढरे फराटे.
- उडताना: पंखांची टोकाची पिसं काळपट आणि त्यांची अगदी शेवटची टोकं पांढरी. पक्षी बहुतेक वेळा उडून जातानाच दिसतो, म्हणून ही खूण पाठच हवी.

पिल्लू-वयातला पक्षी ओळखताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. त्याच्या अंगावर तांबूस रंग नसतो. सगळा पक्षी राखाडी-तपकिरी, बारीक नक्षीचा, आणि काळ्या माथ्यावर पांढरे ठिपके. याला साध्या रातबगळ्याचं पिल्लू समजून नोंदवलं जातं आणि उलटही होतं. फरक असा: साध्या रातबगळ्याच्या पिल्लाच्या पाठीवर आणि पंखांवर मोठे, टपोरे, थेंबासारखे पांढरे ठिपके असतात, चोच लांब असते आणि खालची चोच पिवळसर. मलायनच्या पिल्लाच्या पंखांवर टपोरे थेंब नसतात, बारीक नागमोडी रेषा असतात, आणि पांढरे ठिपके प्रामुख्याने माथ्यावर आणि मानेच्या मागे दाटलेले असतात. चोच आखूड ती आखूडच.

सिनमन बिटर्नशीही गल्लत होते, कारण ‘तांबूस बगळा’ एवढंच लक्षात राहतं. तो अंगाने सडपातळ असतो, चोच लांब आणि पिवळसर, माथा काळा नाही, आणि त्याचं घर भातशेती आणि पाणवनस्पतींत. भातखाचरातून उडालेला तांबूस बगळा मलायन असण्याची शक्यता फार कमी.

तपासा: चित्र न पाहता पिल्लू आणि प्रौढ या दोघांच्या तीन-तीन खुणा सांगता येतात का? येत नसतील तर अजून एक संध्याकाळ घरी द्या.

एक सावधगिरी व्हिडिओंबद्दल. इंटरनेटवरचे या पक्ष्याचे बरेचसे सुंदर व्हिडिओ तैवानचे आहेत. तैपेईच्या दाआन पार्कमध्ये आणि तिथल्या वनस्पती उद्यानात हाच पक्षी माणसांच्या पायांशी हिरवळीवर गांडुळं ओढतो. खुणा आणि चालण्याची ढब शिकायला ते व्हिडिओ उत्तम आहेत. पण ‘हा पक्षी जवळ येऊ देतो’ असा समज तिथून उचलू नका. सह्याद्रीतला पक्षी माणसाला सरावलेला नाही.

२. हंगाम आणि जागा

पश्चिम घाटात याची वीण पावसाच्या आगेमागे सुरू होते. मे अखेर ते जुलै हा आवाज ऐकण्याचा काळ, आणि सप्टेंबरपर्यंत घरट्यांची व पिल्लांची हालचाल. पाऊस सरला की बोलणं थांबतं. आपल्याकडचे काही पक्षी हिवाळ्यात श्रीलंकेपर्यंत खाली जातात. म्हणून डिसेंबरात चार दिवस सुट्टी काढून याच्यासाठी येणं हा वेळेचा अपव्यय आहे. पहिल्यांदाच शोधत असाल तर जूनचा दुसरा पंधरवडा धरा.

जागा पाहताना जंगलाचं नाव महत्त्वाचं नाही, पायाखालची जमीन महत्त्वाची. सिंधुदुर्गात, गोव्यात, उत्तर कन्नडमध्ये अशी जमीन अभयारण्यांतही आहे आणि गावालगतही: देवराई, व्हाळाच्या दोन्ही बाजूंची जुनी झाडी, पोफळीच्या बागा, गोव्यातली कुळागरं (पोफळी-नारळाच्या मिश्र बागा). कुळागराला मी मुद्दाम वर ठेवतो. तिथे वर सावली दाट, खाली झावळ्या आणि पाचोळ्याचं आच्छादन, पाण्याचे पाट बारमाही आणि जमीन भुसभुशीत. गांडुळांना याहून चांगली जागा नाही.

दुपारी, भरपूर उजेडात, एकदा जागा फिरून घ्या आणि चार गोष्टी पाहा.

1. पाचोळा बाजूला करून मूठभर माती उचला. ती दाबल्यावर गोळा होते का? वर गांडुळांच्या मातीच्या गुठळ्या दिसतात का? माती कडक, मुरमाड असेल तर ती जागा सोडा.
2. खालची झाडी किती? कमरेएवढं रान माजलेलं असेल तर हा पक्षी तिथे चरत नाही. त्याला वर दाट छत आणि खाली चालण्याजोगी मोकळी जमीन लागते.
3. व्हाळावर आडव्या आलेल्या फांद्या आहेत का? विश्रांतीला आणि घरट्याला त्या उपयोगी पडतात.
4. फांद्यांखालच्या पानांवर पांढरी शिट आहे का? एकाच जागी थर दिसत असेल तर वर कोणीतरी रोज बसतं. घुबडही असू शकतं, त्यामुळे खाली केसांच्या आणि हाडांच्या गुंडाळ्या पडल्या आहेत का तेही बघा. त्या असतील तर बहुधा घुबड.

इशारा: शिट दिसली म्हणून झाडाखाली उभं राहून वर टॉर्च मारू नका. जागा लक्षात ठेवा आणि मागे फिरा.

३. परवानगी आणि सामान

राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात अनेक वाटा बंद असतात आणि अंधारात आत थांबण्याची मुभा बहुतेक ठिकाणी नसते. खाजगी बाग असेल तर मालकाला विचारा, आणि विचारताना फवारणी कधी आहे तेही विचारून घ्या. कोळेरोगासाठी (सुपारीच्या फळकुजीसाठी) पोफळीवर पावसाच्या तोंडावर आणि मग साधारण ४० ते ४५ दिवसांनी बोर्डो मिश्रण मारतात. त्या दिवशी बागेत माणसांची वर्दळ असते, पक्षी हाताला लागत नाही. बेणणीचंही (रान काढण्याचंही) तसंच. बागेत रोज वावरणाऱ्या माणसाला फोनवर एक चित्र दाखवा. ‘असा तांबडा, मान आखडून बसणारा पक्षी पाहिलात का?’ या एका प्रश्नाने आठवड्याची पायपीट वाचू शकते.

सामान थोडंच लागतं:

- ८×४२ ची दुर्बीण. १०× मोठं दिसतं, पण संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात हात हलतो आणि चित्र काळवंडतं.
- गडद रंगाची छत्री. प्लॅस्टिकचा रेनकोट नको, कारण तो प्रत्येक हालचालीला चुरचुरतो आणि जवळचे आवाज झाकून टाकतो.
- बसायला घडीचं छोटं स्टूल. ओल्या जमिनीवर पाऊण तास न हलता बसणं जमत नाही, आणि चुळबुळ केली की सगळं वाया.
- जळवांचे मोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. फुरसं आणि मलबारी चापडा दोन्ही याच पट्ट्यात आहेत. पाचोळ्यात आणि वेलींत हात घालायचा नाही.
- टॉर्च फक्त परतीच्या वाटेसाठी, खाली धरलेली.
- कॅमेरा नेणार असाल तर झिप असलेल्या पिशवीत सिलिका जेल. गाडीतल्या एसीतून थेट दमट हवेत काढलेली काच निदान पंधरा मिनिटं धुक्याने भरते. म्हणून कॅमेरा आणि दुर्बीण आधीच बाहेरच्या हवेत आणून ठेवा.

४. आवाज वेगळा काढायला शिका

दिसण्याच्या आधी हा पक्षी ऐकू येतो. खोल, घुमणारा ‘हूऽ’, एकेकटा. साधारण दीड सेकंदाच्या अंतराने, दहाएक वेळा, एकाच पट्टीत आणि एकाच लयीत. मग खंड, आणि पुन्हा तेच. वेळ संध्याकाळची कातरवेळ आणि पहाट. जूनमध्ये आपल्याकडे सूर्योदय सहाच्या आणि सूर्यास्त सातच्या सुमारास धरा. सूर्यास्तानंतरचा अर्धा-पाऊण तास आणि सूर्योदयाआधीचा तेवढाच वेळ सर्वांत कामाचा.

आवाजाची ध्वनिफीत ऐकताना हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर इतका खालचा स्वर नीट वाजत नाही आणि मग जंगलात खरा आवाज आला तरी ओळखू येत नाही. याच्याशी गल्लत होणारे आवाजही त्याच बैठकीत ऐका:

- भारद्वाज: ‘ऊप-ऊप-ऊप’, जलद आणि लय बदलणारा. मुख्यतः उजेडात.
- पाचू कवडा: खालच्या स्वरातलं कण्हल्यासारखं घुमणं, दिवसा. ऐकताना स्वराच्या सुरुवातीला एक बारीक ‘टक’ असते, ती दुरून ऐकू येत नाही आणि तिथेच फसगत होते.
- मासेमार घुबड: दोन-तीन स्वरांचा तुकडा, मग मोठा खंड. एकसारखी मालिका नाही.
- स्लेटी-लेग्ड क्रेक: हाही याच झाडीतला, पावसाळी रात्रीच बोलणारा; पण आवाज कोरडा ‘केक-केक’, घुमणारा नाही.

घड्याळ लावून स्वर मोजा. एकेकटे, समान अंतराचे आठ-दहा स्वर सलग आले तरच मलायन. चार ऐकू आले आणि मध्येच पाऊस वाढला, तर ‘बहुधा’ म्हणून वहीत लिहा आणि तिथेच थांबा. आवाज ओळखणाऱ्या अ‍ॅपवरही भिस्त ठेवू नका. पानांवर पडणाऱ्या पावसात खालचा स्वर सहज बुडतो.

इशारा: ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बोलावू नका. ऐन विणीच्या काळात तो स्वतःची हद्द सांभाळत असतो. स्पीकरला उत्तर देताना तो घरटं सोडून उघड्यावर येतो आणि अंडी-पिल्लं कावळ्यांसमोर मोकळी पडतात. एकदा वाजवली तरी चूकच.

५. बसा

सगळी मेहनत इथे फळते, आणि घाईदेखील इथेच होते.

सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी जागेवर पोहोचा. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. आदल्या दुपारी पाहिलेल्या चरण्याच्या जागेपासून ३० मीटर तरी लांब, पाठीला झाड येईल असं बसा. व्हाळाच्या अगदी काठावर बसू नका: पाण्याच्या खळखळाटात आवाज हरवतो आणि वर घाटात सर कोसळली तर पाणी मिनिटांत चढतं.

पहिली वीस मिनिटं काहीच करायचं नाही. दुर्बीण मांडीवर. या वेळेत जंगल तुमची चाहूल विसरतं: आधी सातभाई शांत होतात, मग नवरंग बोलू लागतो, पाचोळ्यात कस्तूर उतरतो. कस्तूर आणि चकोत्री पाचोळा उडवतात, त्यांची खसखस सतत चालते. आपला बगळा मात्र जवळजवळ आवाज करत नाही. म्हणून आवाजाच्या दिशेने नव्हे, मोकळ्या जमिनीच्या पट्ट्यावर नजर फिरवत ठेवा. डावीकडून उजवीकडे, जवळून लांब, दर दोन मिनिटांनी एक फेरी. प्रत्येक फेरीत ‘हा बुंधा मघाशी इथे होता का?’ हे विचारा. थिजलेला पक्षी मान वर ताणून, चोच आभाळाकडे करून उभा असतो आणि मोडक्या खुंटासारखा दिसतो.

पावसाची सर ओसरून दहा-पंधरा मिनिटं झाली की विशेष लक्ष द्या. तेव्हा गांडुळं वर येतात आणि ढगाळ दुपारीही पक्षी चरायला उतरतो. दोन पावलं टाकतो, थांबतो. डोकं एका अंगाला कलतं करून जमीन पाहतो. मग डोकं जागच्या जागी ठेवून मान आणि अंग हलकेच डोलवतो, आणि एकदम चोच खाली. गांडूळ अर्धं बिळात असतं. पक्षी झटका देत नाही. चोचीत पकडून पाय रोवतो, अंग मागे झुकवतो आणि ताण तसाच धरून ठेवतो, गांडुळाची पकड सैल होईपर्यंत. झटका दिला तर ते तुटतं. हे तुमच्यासमोर घडलं तर समजा की पक्ष्याला तुमची दखल नाही, आणि निरीक्षण योग्य रीतीने चाललं आहे.

नेहमीच्या चुका: आवाज आला म्हणून उठून त्या दिशेने चालणं, एकमेकांना बोट करून दाखवणं (हात उंचावल्यासारखी दुसरी मोठी हालचाल नाही), अत्तर किंवा अगरबत्तीछाप डास-कॉइल, आणि साडेसातला ‘आता काय दिसणार’ म्हणून उठणं, नेमकं तेव्हाच तो बोलायला लागतो.

६. दिसल्यावर पहिली दोन मिनिटं

कॅमेरा नको, आधी दुर्बीण. क्रमाने माथा, गाल, चोच, डोळ्यापुढची कातडी, पंखांची नक्षी. हे मनात पक्कं झालं की मग फोटो. उजेड इतका कमी असतो की १/१०० सेकंदाच्या आसपास वेग आणि ३२०० ते ६४०० आयएसओ लागेल. स्थिर आधार घ्या. पाचोळा गडद असल्याने कॅमेरा चित्र उगाच उजळवतो आणि तांबूस रंग धुऊन निघतो, म्हणून एक्सपोजर थोडं उणे ठेवा. शटरचा आवाज बंद. फ्लॅश कधीच नाही. फोटो जमत नसेल तर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, ओळखीला तो जास्त उपयोगी पडतो.

पक्ष्याने मान ताणली की तुम्ही हात थांबवा. तो पुन्हा चरू लागला तर ठीक. उडून फांदीवर गेला तर त्या दिवसाचं काम संपलं. मागे जाऊ नका.

७. घरटं सापडलं तर

घरटं काटक्यांचं, सैलसर, झाडाच्या आडव्या फांदीवर. बहुतेकदा व्हाळावर किंवा वाटेवर झुकलेल्या. साध्या रातबगळ्यासारखी वसाहत नसते, एकटं घरटं असतं. खालच्या पानांवरची शिट हीच पहिली खूण.

दिसलं की उलट पावली ५० मीटर मागे. झाडोरा छाटून दृष्टी मोकळी करू नका. तीच पानं पावसापासून आणि शिक्रा-कावळ्यांपासून आडोसा देतात. एका भेटीत दहा मिनिटं पुरे, आणि जोराच्या पावसात अजिबात नाही, कारण पक्षी उठला की अंडी भिजतात. आठवड्यातून एकदाच जा. प्रत्येक वेळी त्याच पायवाटेने गेलं की मुंगूस आणि मांजरं तीच वाट धरतात, म्हणून घरट्यापर्यंत वाट पडू देऊ नका. बाग खाजगी असेल तर मालकाला सांगून त्या झाडाखालची बेणणी आणि तोडणी पिल्लं उडेपर्यंत पुढे ढकलता येते का ते पाहा. बहुतेक बागायतदार ऐकतात.

इशारा: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. घरट्याजवळचा फोटोचा हट्ट कायद्याच्या कुठल्या बाजूला जातो, हे गटातल्या प्रत्येकाला आधीच सांगा.

८. नोंद

त्याच रात्री, आठवण ताजी असताना. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करत असाल तर बसून केलेलं निरीक्षण ‘स्टेशनरी’ म्हणून टाका. सुरुवातीची वेळ आणि एकूण मिनिटं अचूक हवीत, आणि ऐकलेला-पाहिलेला प्रत्येक पक्षी यादीत हवा, केवळ हा एक नव्हे. शेऱ्यात ‘मलायन दिसला’ लिहून भागत नाही. असं लिहा: ‘काळा माथा, तांबूस गाल, आखूड जाड चोच, पंखांवर बारीक नागमोडी रेषा, व्हाळाकाठी पोफळीखाली चरताना, अंतर ३५ मीटर, ७ मिनिटं.’ आवाजच ऐकला असेल तर स्वर किती, अंतर किती सेकंदांचं, किती मालिका, हे लिहा आणि ध्वनिफीत जोडा. ध्वनिफितीच्या शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि गाव बोलून ठेवलं की पुढे फाइलींची सरमिसळ होत नाही.

न दिसलेल्या संध्याकाळीही यादी भरा. चांगल्या जागी, योग्य वेळी, पाऊण तास बसूनही पक्षी नव्हता, ही माहिती तितकीच मोलाची आहे. आज आपल्याकडे ‘दिसला’ एवढ्याच नोंदी जमतात आणि त्यामुळे तो नेमका कुठून कमी होतोय ते कळायला मार्ग राहत नाही.

घरट्याची यादी मात्र लगेच सार्वजनिक करू नका. पिल्लं उडाल्यावर, ऑक्टोबरमध्ये चढवा, जागेच्या खुणेत झाड नव्हे तर गाव द्या. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका आणि मागे देऊळ, साकव किंवा ओळखू येणारं घर दिसत असेल तर तो भाग कापा.